खिडकी आणि तिच्यामागची वही

शाळेचा वार्षिक अंक काढण्याचे काम ज्यांनी एकदा तरी अंगावर घेतले आहे, त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. लेख मिळविणे फारसे कठीण नसते; मिळालेला लेख सांभाळणे कठीण असते. पूर्वी कागद गहाळ होत, शाई पसरे, एखादे पान कोणाच्या तरी दप्तरात राहून पावसात भिजे. आता कागद गेले आणि त्यांच्या जागी संगणकातील फायली आल्या. परंतु गोंधळ गेला नाही. त्याने फक्त वेष पालटला. गेल्या वर्षीचा अंक छापून हाती आल्यावर आम्ही शाळेच्या संगणकात पाहिले, तो 'अंक अंतिम', 'अंक अंतिम खरा', 'अंक अंतिम खरा दोन', 'हाच घ्यावा' अशा नावांच्या अकरा फायली निघाल्या. त्यांतली कोणती छापखान्यात गेली, हे आम्हांसही सांगता येईना आणि संपादक मंडळातील मुलांनाही सांगता येईना. एका कवितेचे शेवटचे कडवे त्या अकरा फायलींच्या रानात कोठे तरी राहून गेले होते. कवयित्री आठवीतली होती. ती काही बोलली नाही. पण तिचे न बोलणेच आम्हांस अधिक लागले.

म्हणून यंदा आम्ही निश्चय केला की, ज्या साधनाने जगभरचे प्रोग्रॅमर आपले लेखन सांभाळतात, तेच साधन आपणही वापरून पाहावे. त्या साधनाला आवृत्ति-नियंत्रण म्हणता येईल. त्याचे तत्त्व सोपे आहे. फाईलची नवी नक्कल करून तिला नवे नाव द्यावयाचे नाही. फाईल एकच ठेवावयाची आणि तिच्यात काय बदलले, कोणी बदलले, केव्हा व का बदलले, याची नोंद एका वहीत होत राहावयाची. ती वही मागे उलगडली की कोणत्याही दिवसाचे लेखन जसेच्या तसे समोर उभे राहते. या कल्पनेला आज अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी १९७२ साली असा एक कार्यक्रम लिहिला. पुढे १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांनी दुसरा रचला आणि तेथून वाढत वाढत ही परंपरा २००५ पर्यंत आली. त्या वर्षी लिनक्स या प्रणालीचे काम करणाऱ्या मंडळींना, तोवर विनामूल्य वापरता येणारे 'बिटकीपर' हे साधन अकस्मात सोडावे लागले. तेव्हा लिनस टॉरव्हल्ड्स यांनी एप्रिल महिन्यात स्वतःच एक नवे साधन लिहावयास घेतले आणि त्याचे नाव 'गिट' ठेवले. आज जगात सर्वाधिक वापर याच गिटचा आहे.

गिटची वही कशी असते हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढील विवेचनाचा सारा भार तिच्यावर आहे. प्रत्येक नोंदीला, म्हणजे 'कमिट'ला, एक खूण मिळते. नेहमीच्या मांडणीत ही खूण आकडे व काही रोमन अक्षरे मिळून चाळीस चिन्हांची असते. ही खूण कोणी मनाने ठरवीत नाही. नोंदीतील मजकूर, लिहिणाऱ्याचे नाव, वेळ आणि मागील नोंदीची खूण या सर्वांतून ती गणिताने निघते. म्हणजे मागची एक नोंद गुपचूप बदलावयाची म्हटली, तर तिच्यापुढच्या प्रत्येक नोंदीची खूण बदलते आणि लबाडी उघडी पडते. साखळीचा मधला दुवा कोणाला न कळता बदलता येत नाही, तसेच हे. शिवाय या वहीला फांद्या फुटू शकतात. एकाने आपली फांदी काढून तिच्यावर लिहावे, दुसऱ्याने आपल्या फांदीवर लिहावे आणि मागाहून दोन्ही एकत्र आणाव्यात. आमच्या गोव्यात मांडवी आणि जुवारी या दोन नद्या वेगवेगळ्या वाहतात, परंतु कुंभारजुव्याचा कालवा त्यांना मध्येच भेटवितो. वहीतील फांद्यांच्या भेटीचे चित्र मुलांना सांगताना आम्हांस हा कालवाच उपयोगी पडला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ही वही हाताळावयाची कशी? गिटशी बोलण्याची मूळ रीत म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून लिहावयाची. आमचा एक जुना विद्यार्थी अभियंता आहे. त्याने सुटीत येऊन मुलांना ही रीत शिकविली. पहिल्या दिवशी चौदा मुले बसली होती; तिसऱ्या दिवशी पाच उरली. मुले आळशी होती असे म्हणावे, तर तसे नव्हते. आज्ञा इंग्रजी, उत्तर इंग्रजी, चूक झाली तर तिचे कारणही इंग्रजी. आणि एकच शब्द दोन-तीन निरनिराळी कामे करणारा. गिटच्या कर्त्यांनाही हा दोष जाणवला असावा. 'चेकआउट' ही एकच आज्ञा फांदी बदलण्यासही वापरली जाई आणि फाईल पूर्वस्थितीला नेण्यासही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या आवृत्तीत त्या दोन कामांसाठी 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा दोन वेगळ्या आज्ञा देण्यात आल्या.

त्यातही आम्हांस एक गोष्ट फार बोचली. आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या लेखाच्या फाईलला 'मीठ' असे देवनागरी नाव दिले होते. काळ्या पडद्यावर ते नाव 'मीठ' असे दिसेना. तेथे तिरक्या रेघा आणि त्यांच्यामध्ये आकडे अशी एक लांबलचक ओळ उमटली. तीमधील ३४०, २४४, २५६ हे पहिले तीन आकडे म्हणजे आपला 'म'! देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणकात साठविताना तीन घटक घेते आणि गिट आपल्या मूळ मांडणीत रोमनेतर नावे अशी आकड्यांतच दाखवितो. 'कोअर कोटपाथ' नावाची एक मांडणी बंद केली की ही खोड जाते, हे आम्हांस नंतर समजले. परंतु ज्या मुलीला पहिल्याच दिवशी आपल्या अक्षरांच्या जागी आकड्यांची रांग दिसते, तिने काय समजावे? हे घर आपल्यासाठी बांधलेले नाही, असेच ना?

म्हणून आम्ही खिडकीचा आश्रय केला. गिटसाठी कितीतरी दर्शनी कार्यक्रम निघाले आहेत. ते स्वतः वही ठेवीत नाहीत. वही गिटचीच, हे फक्त तिचे चित्र दाखवितात आणि आज्ञांच्या जागी बटणे देतात. काहींची रचना मोठी गमतीची आहे. 'टॉर्टॉइज' म्हणजे कासव. या नावाने सुरू होणारी एक मालिकाच आहे. जुन्या 'सबव्हर्जन' या साधनासाठी 'टॉर्टॉइज-एसव्हीएन' आणि गिटसाठी 'टॉर्टॉइज-गिट'. विंडोज प्रणालीच्या ज्या बाह्य आवरणातून आपण फायली पाहतो, त्याला इंग्रजीत 'शेल' म्हणतात, आणि कासवाच्या कवचालाही तोच शब्द. हा कार्यक्रम त्या आवरणातच राहतो, म्हणून कासव! त्याची वेगळी खिडकी उघडावी लागत नाही. फायलीच्या चित्रावरच हिरवी खूण दिसली तर ती नोंदल्याप्रमाणे आहे, तांबडी उद्गारखूण दिसली तर तिच्यात बदल झाला आहे, असे समजावे. याशिवाय गिटहब डेस्कटॉप, सोर्सट्री इत्यादी अनेक आहेत. अशा एका खिडकीत 'मीठ' हे नाव 'मीठ' असेच दिसले, तेव्हा त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते पाहून आमचा पक्ष जवळजवळ ठरून गेला.

आमच्या अभियंता विद्यार्थ्याला मात्र हे रुचले नाही. तो म्हणाला, "सर, खिडकी ही कुबडी आहे. कुबडीवर चालायची सवय लागली, की पाय कधीच बळकट होत नाहीत." हा आक्षेप अनेक जाणती माणसे घेतात, म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे.

प्रथम इतिहासाचा पुरावा पाहू. गिट ज्या वर्षी जन्मास आला, त्याच २००५ साली त्याचे चित्र दाखविणारी पहिली खिडकीही तयार झाली. तिचे नाव 'गिटके'. ती कोणा नवशिक्याने नवशिक्यांसाठी केलेली नव्हती. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या पॉल मॅकेरास यांनी ती लिहिली आणि ती गिटबरोबरच दिली जाऊ लागली. तीत प्रत्येक नोंद एका ठिपक्याने दाखविलेली असते. ठिपके रेघांनी जोडलेले असतात. फांदी फुटली की रेघ फुटते, फांद्या मिळाल्या की रेघा मिळतात. खाली काढलेल्या ओळी तांबड्या आणि घातलेल्या ओळी हिरव्या. ज्यांना काळ्या पडद्यावरच्या आज्ञा तोंडपाठ होत्या, त्यांनाही शेकडो लोकांच्या हजारो नोंदींची गुंफण डोळ्यांनी पाहण्याची गरज लागलीच. किंबहुना काळ्या पडद्यावरही चांदण्या आणि तिरप्या रेघा यांनी असेच झाड काढून दाखविण्याची आज्ञा आहे. मग चित्र पाहणे ही कुबडी कशी? नकाशा पाहणाऱ्या खलाशाला आपण पांगळा म्हणत नाही.

आणि ही गोष्ट केवळ संगणकाची नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. काम १९१९ साली सुरू झाले, डॉ. विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्याची शास्त्रीय बैठक घातली आणि १९६६ साली ते पूर्णतेस गेले. त्या ग्रंथाचे कोणतेही पान उघडावे. वर निवडलेला पाठ, मधली रेघ आणि रेघेखाली निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद, प्रत्येकाला कोणत्या पोथीचा हे सांगणारी खूण. निरनिराळ्या प्रदेशांत, निरनिराळ्या लिपींत विखुरलेल्या पोथ्यांचे मतभेद एका दृष्टिक्षेपात दिसावेत अशी ही पानाची मांडणी म्हणजे एक दर्शनी खिडकीच होय. विद्वानांना तिची आवश्यकता वाटली. मग आमच्या मुलांना वाटली तर त्यात कमीपणा कोणता?

येथवर आम्ही खिडकीची वकिली केली. आता तिच्याविरुद्ध साक्ष देण्याची पाळी आमच्यावरच येते, आणि ती आम्ही टाळणार नाही.

'मीठ' नावाची जी फाईल वर आली, ती नववीतील एका विद्यार्थिनीची. तिच्या घराण्याचे पूर्वी मिठागर होते. तिने दोन रविवार आजीपाशी बसून मिठागराची माहिती लिहून घेतली होती: मानशीचे दार भरतीला केव्हा उघडावे, ओहोटीला केव्हा लावावे, कोणत्या वाफ्याला काय म्हणत, मीठ 'धरले' हे पायाला कसे कळे. आजी बोलली कोंकणीत. मुलीने लिहिले मराठीत. नावे मात्र आजीच्या तोंडची तशीच ठेवली. दुसऱ्या रविवारचा सारा मजकूर तिने शाळेच्या संगणकावर टंकला, फाईल जतन केली आणि घरी गेली. वहीत नोंद करावयाची राहिली.

दुसऱ्या दिवशी संपादक मंडळातील एक मुलगा त्याच संगणकावर बसला. इतरांनी पाठविलेले नवे लेखन त्याला उतरवून घ्यावयाचे होते. खिडकीने त्याला अडविले आणि इंग्रजीत काही सांगितले. त्याचा अर्थ असा होता की, येथे नोंद न झालेले बदल आहेत, त्यांचे काय करावयाचे ते ठरवा. मुलाला काम पुढे न्यावयाचे होते. त्याने 'डिसकार्ड' हे बटण दाबले. खिडकीने पुन्हा विचारले. त्याने पुन्हा होकार दिला. संगणकाने विचारलेल्या प्रश्नाला न वाचता होकार देण्याची सवय आपणा सर्वांनाच नाही काय? क्षणात अडथळा दूर झाला, आणि त्याबरोबर आजीचा दुसरा रविवारही.

आम्ही धावपळ केली. अभियंता विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. त्याने जे सांगितले ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे. वहीत एकदा नोंदलेले काम सहसा नाहीसे होत नाही. फांदी चुकून पुसली तरी त्या संगणकात 'रिफ्लॉग' नावाची एक रोजनिशी असते, आणि नेहमीच्या मांडणीत अशा नोंदी निदान तीस दिवस शोधून काढता येतात. परंतु जे वहीत कधी गेलेच नाही, ते वही कोठून देणार? काही खिडक्या या बाबतीत दयाळू आहेत; गिटहब डेस्कटॉप टाकून दिलेले बदल संगणकाच्या कचरापेटीत ठेवतो आणि तेथून ते परत उचलता येतात. आमच्या हाती होती ती खिडकी तशी नव्हती.

ती मुलगी पुन्हा आजीपाशी जाऊन बसली. पण माणसाचे सांगणे म्हणजे काही छापलेले पुस्तक नव्हे. या खेपेस आजीने वाफ्यांची नावे सांगितली नाहीत; मानशीवर रात्री जागणाऱ्या आपल्या वडिलांविषयी ती बोलत राहिली. तेही सुंदर आहे आणि वाचकांना ते याच अंकात वाचावयास मिळेल. पण पहिले गेले ते गेलेच.

दोष कोणाचा? बटण दाबणाऱ्या मुलाला आम्ही एक शब्द बोललो नाही, कारण दोष आमचा होता. बटण कोठे आहे हे आम्ही शिकविले होते. बटण काय करते हे शिकविले नव्हते. आणि आमच्या अभियंता मित्राला न्याय देण्यासाठी हेही सांगितले पाहिजे की, काळ्या पडद्यावर 'रिस्टोअर' ही आज्ञा लिहिली असती, तर तिनेही तेच केले असते, आणि तेही एकदासुद्धा न विचारता. म्हणजे आपत्ती खिडकीमुळे आली नाही आणि पडद्यामुळे टळलीही नसती. ती आली अज्ञानामुळे. फरक एवढाच की, आज्ञा लिहिणाऱ्याला निदान शब्द आठवावा लागतो आणि आठवताना तो क्षणभर थांबतो; बटण मात्र हाताला अगोदर सापडते आणि डोक्याला मागाहून.

या अनुभवावरून आमचे मत असे बनले आहे. खिडकी चांगली की वाईट, हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. खिडकीचे काम दाखविणे. जी खिडकी मागची वही अधिक स्पष्ट दाखविते ती चांगली. जी वही आहे हेच विसरावयास लावते ती घातक, मग तिचे रंग कितीही मोहक असोत. चांगल्या खिडकीत निवडलेले आणि न निवडलेले बदल दोन वेगळ्या कप्प्यांत दिसतात. गिटमध्ये नोंद करण्यापूर्वी काय नोंदावयाचे ते वेगळे काढावे लागते. घरातील बाई तांदूळ सुपात घेऊन निवडते आणि मगच वैरते, तशी ही मधली पायरी आहे. काळ्या पडद्यावर ही पायरी मुलांच्या डोक्यात शिरेना. दोन कप्पे समोर दिसताच पाच मिनिटांत शिरली. तसेच काही खिडक्या आपण बटण दाबले असता मागे कोणती आज्ञा दिली गेली, ते लिहून दाखवितात. टॉर्टॉइज-गिटच्या कामाच्या चौकटीत ती आज्ञा सरळ वाचता येते. आमच्या मते हा या साधनांचा सर्वोत्तम गुण आहे. जो मुलगा दोन महिने बटण दाबता दाबता ती ओळ वाचत राहील, त्याला काळ्या पडद्याचे भय उरणार नाही. ही कुबडी नव्हे. पोहावयास शिकणाऱ्याच्या पाठीला बांधलेला भोपळा आहे. तो एके दिवशी सोडावयाचाच असतो, पण पहिल्या दिवशी नव्हे.

आणखी एक प्रसंग सांगून या गोष्टीची दुसरी बाजू दाखवितो. याच अंकातील एका निबंधावर दोन विद्यार्थ्यांनी आपापल्या फांदीवर काम केले. एका ओळीत एकाने 'शिगमो' लिहिले, दुसऱ्याने ते सुधारून 'शिमगा' केले आणि त्याच वेळी पहिल्यानेही तीच ओळ थोडी बदलली. फांद्या एकत्र आणताना गिट थांबला. यालाच 'कॉन्फ्लिक्ट' म्हणतात. काळ्या पडद्याची वाट धरली, तर अशा वेळी फाईलीतच सात बाणांची एक ओळ, मध्ये सात बरोबरच्या चिन्हांची एक ओळ आणि शेवटी उलट दिशेचे सात बाण घातलेले आढळतात. नवखा माणूस ते पाहून फाईल बिघडली असे समजतो. आमच्या खिडकीने मात्र डावीकडे एकाचे, उजवीकडे दुसऱ्याचे असे दोन्ही पाठ मांडले आणि खाली बटणे दिली: हे घ्या, ते घ्या, दोन्ही घ्या.

येथे मोह होता. कोणतेही एक बटण दाबले असते तर काम पुढे गेले असते. पण मिठाची गोष्ट ताजी होती. दोन्ही मुलांना आम्ही शेजारी बसविले आणि विचारले, कोणते बरोबर? एक म्हणाला, आमच्या गावात शिगमोच म्हणतात. दुसरा म्हणाला, निबंध मराठी आहे, शिमगाच हवे. आमची मातृभाषा कोंकणी. आम्ही मुलांना मराठी शिकवितो. हा प्रश्न आमच्या स्वतःच्या घरातला आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही यंत्राच्या पोटात नाही. शेवटी त्या दोघांनीच ठरविले: जेथे गावातील माणूस बोलतो तेथे 'शिगमो', जेथे लेखक बोलतो तेथे 'शिमगा'. डावेही नव्हे, उजवेही नव्हे. तिसरेच वाक्य त्यांनी हाताने लिहिले. यंत्राने दोन पाठ समोर मांडले, एवढे त्याचे उपकार. निवड माणसाची. खिडकीची योग्यता आणि मर्यादा या दोन्ही त्या दिवशी आम्हांस एकाच वेळी दिसल्या.

त्यांनी त्या नोंदीसोबत जो संदेश लिहिला तो मराठीत होता: कोणता शब्द कोठे व का ठेवला. गिटला नोंदीचा संदेश देवनागरीत चालतो, आणि आम्ही यंदा नियमच केला की, संदेश मराठीतच लिहावयाचा व 'बदल केला' एवढेच लिहून भागवावयाचे नाही, कारण लिहावयाचे. ही शिस्त आपल्याला परकी नाही. संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा शेवटी काही ओव्या जोडून शुद्धीचा शक नोंदविला. तो १५०६, म्हणजे इ. स. १५८४. पाठांतरांमुळे मूळ ग्रंथ अशुद्ध झाला होता म्हणून हे काम केले, असे कारणही त्यांनी दिले आणि यापुढे कोणी त्यात आपल्या पदरची ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. काय केले, केव्हा केले, का केले आणि पुढच्याने काय करू नये! चारशे वर्षांहून अधिक काळ टिकलेला याहून चांगला नोंद-संदेश आमच्या माहितीत नाही. जी मुले बटणे दाबून मोकळी होतात त्यांना आम्ही एवढेच सांगतो: खिडकीतली ती संदेशाची रिकामी चौकट कंटाळवाणी समजू नका; साऱ्या खिडकीत ती एकच जागा अशी आहे, जेथे यंत्र काही सुचवीत नाही आणि तुम्हांला स्वतः बोलावे लागते.

आता राहिला भाषेचा प्रश्न. आमच्यासारख्या शाळांतील मुलांना अशा साधनांच्या दाराशी दोनदा थांबावे लागते; एकदा नवी विद्या म्हणून आणि एकदा परकी भाषा म्हणून. 'डिसकार्ड' याचा अर्थ त्या मुलाला ठाऊक असता, तर आजीचा रविवार वाचला असता. काही पालक म्हणतील की, याचा अर्थ इंग्रजी माध्यम बरे. आम्ही तो अर्थ काढीत नाही. इंग्रजी माध्यमातील मुलेही असली बटणे न वाचताच दाबतात, हे आम्ही पाहिले आहे. शब्द कळणे आणि परिणाम कळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसरी गोष्ट आपल्याच भाषेत शिकविली तर खोल जाते. म्हणून आम्ही मुलांकडून एक तक्ता करून घेतला आहे. तो संगणकाच्या खोलीत भिंतीवर लावला आहे. त्यात बटणाचे नाव देवनागरीत, त्यापुढे ते काय करते हे मराठीत, आणि शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न: 'केल्यावर परत येता येईल काय?' 'कमिट'पुढे लिहिले आहे, होय. 'मर्ज'पुढे, होय. 'पुश'पुढे, इतरांकडे गेले, विचार करून. 'डिसकार्ड'पुढे तांबड्या शाईने, नाही. ते 'नाही' त्याच मुलाने आपल्या हाताने लिहिले आहे.

पालकांना विनंती एवढीच की, मूल संगणकावर चित्रे पाहून काम करते म्हणून त्याला हलके लेखू नये आणि आज्ञा घडाघडा टंकते म्हणून त्याला पंडितही मानू नये. त्याला विचारावे, 'तू आता जे केलेस, त्याची नोंद कोठे झाली?' उत्तर देता आले तर साधन कोणतेही असो, विद्या त्याच्या हाती आली.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांला सांगावयाचे ते असे. उद्या या खिडक्या बदलतील. आज जिची नावे आम्ही घेतली ती दहा वर्षांनी कदाचित कोणाला आठवणारही नाहीत. वही मात्र राहील, कारण केलेल्या कामाचा माग ठेवणे ही माणसाची जुनी गरज आहे. तेव्हा खिडकी अवश्य उघडा, पण तिच्यातून मागच्या वहीकडे पाहण्यास शिका. आणि संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी, घंटा झाली तरी, दोन मिनिटे थांबून दिवसाचे काम नोंदवून जा. तुमचे काम केवळ तुमचे नसते. कधी कधी त्यात कोणाच्या तरी आजीचा एक संपूर्ण रविवार असतो.